नाडी चौऱ्याऐंशी

“हा मोठा निळा बुडबुडा म्हणजे वेदना,” मोठे डॉक्टर म्हणाले, “आणि हा हिरवा म्हणजे लवकर चालवणं. मधली रेषा किती जाड आहे बघा. म्हणजे जगात ज्यांनी ज्यांनी सिझेरियननंतरच्या वेदनेवर लिहिलं, त्यांनी चालवण्यावरही लिहिलं. कळतंय ना?”

“कळतंय सर,” चहाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर उभ्या राहून पोस्टरचं वरचं टोक भिंतीला दाबून धरत होत्या. “तेवढी चिकटपट्टी देता का?”

मोठ्या डॉक्टरांनी चिकटपट्टी दिली नाही. त्यासाठी त्यांना पोस्टरकडे पाठ करावी लागली असती, आणि लेकाच्या लग्नातसुद्धा माणूस बघत नाही इतक्या मायेने ते त्या पोस्टरकडे बघत होते. सिझेरियन झालेल्या बाईला लवकर बरं कसं करावं या विषयावर गेल्या पंचवीस वर्षांत जगभर जे हजारावर निबंध छापून आले, ते त्यांनी संगणकाला मोजायला लावले होते. वाचले नव्हते, मोजले होते. कोणत्या देशातून किती, कोणत्या साली किती, कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी किती वेळा आला. त्यातून हा बुडबुड्यांचा नकाशा निघाला होता. संशोधनाचा कल आधी उपाशी ठेवण्याकडे होता, मग चालवण्याकडे वळला आणि आता रुग्णाच्या समाधानाकडे वळतो आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः वॉर्डाकडे आठवड्यातून एकदा वळायचे, तेही दारापर्यंत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसतात तरी. यांना शेळ्यांची संख्या पुरायची.

चहाबाईंनी खुर्चीवरून नकाशात नर्स कुठे आहे ते शोधलं. खालच्या कोपऱ्यात, राखाडी रंगात, मुगाच्या दाण्याएवढी सापडली.

“ही कुणाला जोडलेली नाही वाटतं,” त्या म्हणाल्या.

“ते किरकोळ आहे,” डॉक्टर म्हणाले. “तिकडे बघू नका.”

घड्याळात साडेनऊ झाले होते. अकरा वाजता बाहेरची पाहुणेमंडळी येणार होती, पाच जण, आणि त्यांना हा नकाशा दाखवून झाल्यावर वॉर्डात नेऊन एक बाई चालताना दाखवायची होती. कोणती, तेही ठरलं होतं. खाट नंबर सात. पहाटे पाचला ऑपरेशन झालेलं, अकराला बरोबर सहा तास. मोठ्या डॉक्टरांच्या पद्धतीत बाई सहाव्या तासाला चालते. तिला चालायचं आहे की नाही हा प्रश्न त्या पद्धतीत नव्हता.

चहाबाईंना खाली उतरून वॉर्डात जायचं होतं. पण पोस्टर सरळ लागेना. मग खुर्च्यांची रांग वाकडी निघाली. मग पाहुण्यांच्या नावांच्या पट्ट्या कुणीतरी उलट्या क्रमाने ठेवल्या होत्या. सत्तावीस वर्षं बाळंतिणी सांभाळलेल्या बाईकडून मोठे डॉक्टर पट्ट्या लावून घेत होते आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. चहाबाईंना वाटत होतं, पण त्यांनी ते तोंडावर येऊ दिलं नाही. तोंडावर काही न येऊ देणं ही त्यांची सत्तावीस वर्षांची कमाई होती.

चहाबाई हे नाव त्यांना वॉर्डाने ठेवलेलं. तोंडावर सगळे ‘सिस्टर’ म्हणत. नाव पडलं त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हाचा नियम असा, की सिझेरियन झालेल्या बाईने चोवीस तास पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि खाटेवरून हलायचं नाही. कारण विचारलं तर “नियम आहे” एवढंच उत्तर मिळे. वॉर्डात तेव्हा एक म्हातारी मावशी होती, फरशी पुसणारी आणि बेडपॅन उचलणारी. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. तिने या तेव्हाच्या तरुण नर्सला एकदा हाताला धरून एका बाळंतिणीच्या खाटेशी नेलं आणि म्हणाली, “कान लाव पोटाला. ऐकू येतंय का? कुरकुरतंय. पोट बोलायला लागलं की द्यायचं. आणि उठवायच्या आधी तोंड बघायचं बाईचं. घड्याळ नंतर.” आठ तास झाले होते. बाईचे ओठ तडकले होते. तरुण नर्सने तिला उशीला टेकवून बसवलं आणि अर्धा कप चहा पाजला. बाई चहा पीत रडली आणि मग स्वतःच म्हणाली, “उभी राहू का जरा?”

ती उभी राहिली तेव्हा दारात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी त्याच दिवशी लेखी तक्रार केली. ‘रुग्णास नियमबाह्य वेळी चहा दिला व उठविले.’ मेमो आला. बाई पाचव्या दिवशी ठणठणीत घरी गेली, पण मेमोत त्याला जागा नव्हती. मावशीला मेमो मिळाला नाही, कारण ती मेमो देण्याच्याही लायकीची नव्हती. ती पुढे निवृत्त झाली आणि कुठेतरी मरून गेली. आणि तो तरुण डॉक्टर वाढत वाढत मोठा डॉक्टर झाला आणि आता जगाला सांगत सुटला होता, की बाईला लवकर प्यायला द्या, लवकर उठवा. वरातीमागून घोडं, आणि वर घोड्यावर बसलेला म्हणतो की वरात मीच काढली.

असं सगळं असल्यावर चहाबाईंना त्या नव्या कार्डांचा आदर का वाटावा?

मोठ्या डॉक्टरांच्या पुढच्या निबंधासाठीचं कार्ड गुलाबी रंगाचं होतं, प्रत्येक खाटेच्या पायथ्याला एक. नाडी किती, गर्भाशय घट्ट आहे का, दुखणं दहापैकी किती, पाणी दिलं का, च्युइंगम चघळलं का, बसवलं का, चालवलं का. दर तासाला चौकोन भरायचे. एक चौकोन रिकामा राहिला तर मोठ्या डॉक्टरांचा माणूस संध्याकाळी येऊन लाल गोल काढून जायचा. बारा खाटा आणि दोन नर्सा. चौकोन भरत बसलं तर बाईकडे बघायचं कधी? म्हणून चहाबाईंनी महिन्याभरापूर्वी आपली युक्ती काढली. सकाळी आठला चहाचा ग्लास शेजारी ठेवून त्या बाराही कार्डांवरचे दुपारपर्यंतचे चौकोन एकदमच भरून टाकत. नाडी चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पुन्हा चौऱ्याऐंशी. गर्भाशय घट्ट, घट्ट, घट्ट. अकरा वाजता चालवले. धाकटी नर्स बिचकली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “कागदी घोडेच नाचवायचेत ना? मग त्यांना सकाळीच नाल ठोकून ठेवायची. आपण बायकांकडे बघायला मोकळ्या.”

आणि त्या बघतही. रोज तासातासाला बाराही पोटांवर त्यांचा हात फिरे. कार्ड खोटं असायचं, पण हात खरा असायचा. म्हणून त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. उलट मनातल्या मनात त्या मोठ्या डॉक्टरांच्या संशोधनावर रोज सकाळी आठ वाजता थुंकत होत्या, आणि चहा त्यामुळे जास्त गोड लागत होता.

आज मात्र नऊपासून हात पोस्टरला होता.

वॉर्डात त्या आल्या तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. दाराशीच सात नंबरच्या बाईची सासू त्यांची वाट बघत उभी होती. बाई चपलांच्या दुकानात कामाला होती, पहिलटकरीण. बाळ पाळण्यात झोपलं होतं. सासू गप्पिष्ट होती आणि तिला तक्रार करायला आवडायचं.

“सिस्टर, एक विचारू? पोट फाडलेल्या पोरीला तुम्ही चघळायला दिलंय. बसची वाट बघत उभी असल्यासारखी दिसत होती हो सकाळी.”

“त्यानं आतडी लवकर जागी होतात.”

“आमची आपसूक व्हायची.”

“आता त्यांना निबंध दाखवावा लागतो,” चहाबाई म्हणाल्या. सासू हसली. त्याही हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी माणसासारखं बोललं होतं.

“आता तेही चघळत नाहीये,” सासू म्हणाली. “तोंडात नुसतं धरून बसलीय. सारख्या जांभया देतेय. झोप कुठे झालीय बिचारीची, पहाटे ऑपरेशन…”

चहाबाईंचं हसू तिथेच थांबलं.

त्या खाटेशी गेल्या. बाईने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड मोठं उघडून जांभई दिली, हवा पुरत नाही तशी. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. हात थंडगार. “बरं वाटत नाही सिस्टर,” ती म्हणाली, “पण दुखत नाहीये. दहापैकी तीन.” पोरगी बिचारी मार्क देत होती. पढवल्यासारखं.

चहाबाईंनी चादर बाजूला केली आणि पोटाखाली हात घातला. बेंबीपाशी कठीण, गोल, आवळलेलं गर्भाशय लागायला हवं होतं. हात भिजलेल्या उशीत गेल्यासारखा आत गेला. त्यांनी दाबलं तेव्हा खाली रक्ताच्या गाठी आल्या, एक, दोन, मग मोजण्यात अर्थ नव्हता. मनगट धरलं. एकशे तीसच्या पुढे.

“धाकट्या डॉक्टरांना बोलव,” त्या नर्सला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नर्स पळाली. “रक्तपेढीला फोन. ट्रॉली. आणि उशी काढ हिच्या डोक्याखालची.”

गर्भाशय आवळावं म्हणून एका हाताने त्या पोट चोळत राहिल्या, जोर लावून, गोल गोल. बाई कळवळली. “दुखू दे,” चहाबाई म्हणाल्या. “जितकं दुखेल तितकं बरं. माझ्याकडे बघ. दुकानात किती नंबरच्या चपला सगळ्यात जास्त खपतात?”

“सहा,” बाई म्हणाली. “सहा नंबर… कधी सातही.”

“आणि पुरुषांच्या?”

उत्तर आलं नाही.

धाकटी डॉक्टर धावत आली. सव्वीस वर्षांची मुलगी, शिकाऊ, केस बांधायलाही वेळ नसलेली. तिने एकदा हात लावला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं, पण हात थांबले नाहीत. तिने इंजेक्शनं सांगितली, दुसरी सलाईन लावली. सासू बाळाला उराशी धरून भिंतीला टेकली होती.

त्याच वेळी दारात बूट वाजले.

“आणि हा आमचा वॉर्ड,” मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. मागे पाच पाहुणे, छातीवर पट्ट्या, सरळ क्रमाने. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ वर केलं. “अकरा. सिस्टर, सात नंबर चालवा.”

“सात नंबर चालणार नाही सर.”

“सहा तास झाले.”

“झाले असतील.”

मोठे डॉक्टर पाहुण्यांकडे वळून हसले. दारापासून खाट बारा पावलांवर होती आणि मध्ये नर्सची पाठ होती, तेव्हा त्यांना रक्त दिसलं नाही असं धरून चालू. “हेच आपल्या क्षेत्रापुढचं खरं आव्हान,” ते पाहुण्यांना म्हणाले. “जुन्या स्टाफची मानसिकता. बाईला उठवायचं म्हटलं की यांच्या पोटात गोळा येतो.”

एका पाहुण्याने हे वहीत लिहून घेतलं.

“बाजूला व्हा सर,” चहाबाई म्हणाल्या. “ट्रॉली यायचीय.”

ट्रॉली आली, बाई गेली, धाकटी डॉक्टर ट्रॉलीबरोबर पळत गेली. तेव्हा कुठे पाहुणे भिंतीला सरकले. मोठ्या डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि मंडळींना चार नंबरकडे नेलं. चार नंबरची बाई काल ऑपरेशन झालेली, तिसऱ्या खेपेची, खाटेवरून उतरून दोन वेळा अंघोळीच्या खोलीपर्यंत जाऊन आलेली. तिला पुन्हा चालायला सांगितलं. ती चालली. च्युइंगमही चघळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ओल्या फरशीवर बादली घेऊन वाकलेली आया टाळ्या थांबेपर्यंत तशीच वाकून राहिली, कारण ती ओल कसली आहे हे पाहुण्यांना दिसू नये असं तिला वाटलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक बाक होता. दीड वाजता धाकटी डॉक्टर बाहेर आली आणि त्या बाकावर बसली. चहाबाई उभ्याच होत्या.

“थांबलं,” ती म्हणाली. “गर्भाशय काढावं लागलं नाही. तीन बाटल्या रक्त गेलं आत. वाचेल.”

चहाबाईंनी मान हलवली. त्यांना आता बसावंसं वाटलं, पण त्या बसण्याआधीच मुलगी रडायला लागली. आवाज न करता, नाक पुसत.

“मी दहाला आले होते सिस्टर. फेरीला. सात नंबरपाशी उभी राहिले होते. ती जांभई देत होती. मला वाटलंसुद्धा, हात लावून बघावं. पण कार्डावर होतं, दहा वाजता नाडी चौऱ्याऐंशी, गर्भाशय घट्ट.” तिने वर बघितलं. “दुसऱ्या कुणी लिहिलेलं असतं तर मी हात लावला असता. तुमचं अक्षर होतं म्हणून पुढे गेले.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. टोमणा असता तर चहाबाईंनी तो झेलला असता. ही मुलगी प्रामाणिकपणे सांगत होती, की या इस्पितळात एकाच अक्षरावर तिचा डोळे मिटून विश्वास होता.

चहाबाईंना स्वतःची किळस आली. आयुष्यभर त्यांनी ज्यांना नावं ठेवली ती माणसं बाईकडे न बघता कागद भरत होती. आज त्यांनी काय वेगळं केलं होतं? मोठ्या डॉक्टरांनी निदान दुसऱ्यांचे निबंध मोजले. यांनी तर न धरलेली नाडी मोजली. कार्डाला त्या खोटं म्हणत होत्या, पण ते खोटं आहे हे फक्त त्यांना माहीत होतं. वाचणाऱ्याला कुठे माहीत होतं? मावशीने हे कार्ड बघितलं असतं तर तिला वाचता आलं नसतं, आणि म्हणूनच तिने बाईच्या पोटाला हात लावला असता.

“पोरी, तुझं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. मग स्वतःलाच दुरुस्त करत म्हणाल्या, “चुकलं. हात लावायला हवा होतास. कुणाचंही अक्षर असो.”

तीन वाजता मोठ्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर सात नंबरचं गुलाबी कार्ड होतं. डॉक्टर खूष दिसत होते. पाहुण्यांना नकाशा आवडला होता.

“मी कार्ड तपासलं,” ते म्हणाले. “सगळे चौकोन भरलेले. नाडी उत्तम, अकराला चालवलं. म्हणजे आपली पद्धत शंभर टक्के पाळली गेली. रक्तस्राव त्यानंतरचा.”

“अकराला ती रक्तात पडली होती सर. तुम्ही दारात होतात.”

“मी दारातून काय पाहिलं त्याला डेटा म्हणत नाहीत, सिस्टर. कागदावर असतो तो डेटा.”

हे वाक्य चहाबाईंना हसण्यासारखं वाटायला हवं होतं.

“राहता राहिली दहाची फेरी,” डॉक्टरांनी कार्ड बोटाने सरकवलं. “त्यावर त्या मुलीची सही आहे. पेशंटला हात न लावता सही केली, कबूलही केलंय तिने. तिच्यावर कारवाई होईल. या वर्षी परीक्षेला बसता येणार नाही बहुतेक. तुम्ही काळजी करू नका, तुमचा कागद स्वच्छ आहे. निबंधाच्या शेवटी आभार मानताना तुमचंही नाव घालू.”

मूग गिळून बसायचं, एवढंच काम होतं. कागद त्यांच्या बाजूने होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कागद त्यांच्या बाजूने होता.

“सर, चोवीस वर्षांपूर्वी तुम्ही माझी लेखी तक्रार केली होती. आठवतं?”

“मी? कशाबद्दल?”

“चहा.”

डॉक्टरांनी खरंच आठवून बघितलं. “नाही बुवा.”

“एका बाईला आठ तासांनी चहा दिला होता मी. उभं केलं होतं. तुम्ही दारातून बघितलंत आणि जे बघितलं ते लिहिलंत. नियम मूर्ख होता, पण तुम्ही बघितलेलं लिहिलं होतं. तेवढं तरी होतं तुमच्यात तेव्हा.”

त्यांनी टेबलावरच्या पेल्यातलं लाल पेन उचललं, रिकाम्या चौकोनांना गोल काढायचं. कार्ड स्वतःकडे ओढलं. आठ वाजताचं खोडलं नाही, कारण आठला त्यांनी खरंच बघितलं होतं. नऊपासून पुढच्या सगळ्या ओळींवर एकेक सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘या नोंदी सकाळी आठ वाजता आधीच भरल्या. नाडी धरली नाही. पोट तपासले नाही. रुग्णास चालवले नाही. दहाच्या फेरीतील डॉक्टर या नोंदीवर विसंबल्या.’ खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं, गोल आणि सुवाच्य.

“हे काय केलंत?” डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा माणसासारखा आला. “अहो, माझं कार्ड खराब केलंत.”

“हो सर,” चहाबाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावून ते पेल्यात ठेवलं.

मेमो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ‘रुग्णाच्या नोंदी खोट्या केल्या व नंतर त्यात खाडाखोड केली.’ वेतनवाढ थांबली, इन्चार्जपद गेलं. पहिल्या मेमोवर सही करताना त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. या मेमोवर त्यांनी उभ्या उभ्या सही केली. पहिला मूर्खपणाचा होता. यातलं खोट्या नोंदींचं वाक्य खरं होतं, आणि खऱ्या वाक्याशी भांडायचं कसं? धाकट्या डॉक्टरला तंबी मिळाली, परीक्षा वाचली. मोठ्या डॉक्टरांच्या निबंधात सात नंबर आलीच नाही. ‘अपूर्ण नोंदींमुळे वगळण्यात आले’, असं यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं. उरलेल्या सगळ्या बायका सहाव्या तासाला चालल्या होत्या. शंभर टक्के.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरची बाई परत वॉर्डात आली होती. पांढरीफटक, पण डोळे जागेवर. खाटेच्या पायथ्याला कार्ड नव्हतं, वगळलेल्या बाईला कार्ड कुठून असणार? चहाबाई आता इन्चार्ज नव्हत्या, तेव्हा त्यांना पोस्टर लावायला, पट्ट्या मांडायला कुणी बोलावणार नव्हतं.

“उठू का मी?” बाईने विचारलं. “आज तरी?”

“थांब.” चहाबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. कठीण लागलं, मुठीसारखं. मग त्यांनी तिचं तोंड बघितलं, खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली. “आधी पाय खाली सोडून बस. चक्कर येते का सांग.”

बाई बसली. सासूने अर्धा कप चहा पुढे केला आणि चहाबाईंकडे परवानगीसाठी बघितलं.

“द्या,” त्या म्हणाल्या.

धाकटी डॉक्टर फेरीला आली होती. केस आज बांधले होते. ती खाटेशी थांबली, स्वतःचा हात बाईच्या पोटावर ठेवला, मग वही उघडून पेन काढलं. चहाबाईंनी बाईचं मनगट हातात घेतलं आणि छातीवरचं घड्याळ उलटं करून डोळ्यांसमोर धरलं. बाई दुसऱ्या हाताने चहा पीत होती, हळूहळू, फुंकर घालत.

मुलीने पंधरा सेकंद वाट बघितली. पंधरा सेकंद मोजायचे आणि चाराने गुणायचं, सगळे तसंच करतात.

“किती सिस्टर? लिहू?”

“थांब,” चहाबाई म्हणाल्या. घड्याळावरून नजर काढली नाही. “अजून मिनिट व्हायचंय.”